छतावरचे हंस

जळगावहून अजिंठा साठेक किलोमीटर. लेणी सोयगाव तालुक्यात, पण रेल्वेने येणारा जळगावलाच उतरतो आणि लेण्यांखालची वाघूर नदीही पुढे खानदेशात येऊन तापीला मिळते. लेण्यांत गर्दी थांबते ती बोधिसत्त्व पद्मपाणीच्या चित्रासमोर. छताकडे मान वर करणारे थोडेच. माझ्या मते पक्षी-फुलांच्या चित्रणाचे आपल्याकडचे सर्वांत मोठे काम त्या छतांवर आहे आणि त्याचीच आपण सर्वांत जास्त आबाळ केली आहे.

दुसऱ्या लेण्यातली हंसांची माळ पाहा. कुणाची मान मागे वळलेली, कुणाची पुढे ताणलेली. एक हंस दुसऱ्यासारखा नाही. रंग जागोजागी उडाले आहेत, तरी रेषेच्या जोरावर पक्षी चालताना दिसतो. पहिल्या लेण्यात चौकटीचौकटींतून कमळे, फळे, बदके. सगळे पाचव्या शतकातले, वाकाटकांच्या काळातले.

रेषेवर असाच विश्वास टाकणारी दुसरी परंपरा जपानची. पक्षी आणि फुले यांच्या तिथल्या छापचित्रांना काचो-ए म्हणतात. चित्रकार हिरोशिगेने १८३० च्या दशकात उभ्या, अरुंद कागदांवर ती केली: एक फांदी, एक पक्षी, बाजूला कवितेच्या दोन ओळी. चित्रकाराचे रेखाटन पातळ कागदावर. तो कागद चेरीच्या फळीवर पालथा चिकटवायचा, कोरणाऱ्याने रेष तेवढी ठेवून बाकीचे लाकूड काढायचे. मग रंगागणिक वेगळा ठसा. प्रत्येक ठशावर कोपऱ्यात खूण, कागद तिथेच टेकवायचा. तो केसभर सरकला तरी पाकळीचा रंग रेषेबाहेर जातो. निळा दोन्हीकडे परदेशातून आला: अजिंठ्याला अफगाणिस्तानातला लाजवर्द, जपानला युरोपातला प्रशियन ब्लू.

पण हिरोशिगेचा पक्षी स्वस्त कागदावरून सामान्य माणसाच्या घरात गेला. आमचा हंस मात्र अंधारातच राहिला. त्याच्या नकला झाल्या, त्याही एकेकट्या. ब्रिटिश लष्करी अधिकारी रॉबर्ट गिलने १८४४ पासून केलेली बहुतेक चित्रे १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेली. चित्रकार जॉन ग्रिफिथ्सने मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून तेरा वर्षे काम केले, त्यातलेही बरेच लंडनमध्येच १८८५ ला जळाले. पुढे अराई काम्पो हा जपानी चित्रकार अजिंठ्याला येऊन राहिला. त्याच्या नकला टोकियोत होत्या. १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत त्या नष्ट झाल्या. ग्रिफिथ्सचे वाचले ते मुख्यतः छापले गेले म्हणून, १८९६-९७ च्या दोन खंडांत. पण ते खंड मोठे आणि महाग, ग्रंथालयांपुरतेच.

छापल्याने काय होते हे खानदेशाला कुणी सांगायला नको. कवयित्री बहिणाबाईंची गाणी त्यांचे पुत्र सोपानदेवांनी वहीत ठेवली, अत्र्यांच्या पाठबळाने १९५२ मध्ये ती पुस्तकात आली आणि आसोद्याच्या लेकीची सुगरण घरोघरी गेली. चित्राच्या बाबतीत तसे कुणी केले नाही.

आता छायाचित्रे भरपूर आहेत. ती नोंद म्हणून हवीतच, पण छायाचित्रात भेगा आणि रेष सारख्याच वजनाने येतात. ठसा कोरणाऱ्याला मात्र कुठली रेष ठेवायची हे ठरवावेच लागते आणि त्या ठरवण्यात हंस पुन्हा काढला जातो. ग्रिफिथ्सच्या खंडांत छतांचे नमुने आहेत. जळगाव-धुळ्याच्या चित्रकला शिक्षकांनी त्यातली एकच चौकट घ्यावी, चार-पाच रंगांचे ठसे कोरावेत आणि विद्यार्थ्याला परवडेल अशा किमतीत छाप विकावेत.