न्यू पॅलेस: उसनवारी आणि काळा दगड

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमच्या शेजारी चादरींचे माग चालतात. फार रंग एकत्र आले की चादर भडक दिसते, हे बघतच वाढलो. म्हणून कोल्हापूरच्या न्यू पॅलेसबद्दल शंका होती. गुजरात-राजस्थानच्या धाटणीच्या कमानी, मधोमध घड्याळाचा अष्टकोनी मनोरा, सरळ कॉपी-पेस्ट! पण समोर उभा राहिलो आणि गप्प झालो. सगळं काळ्या दगडात आहे, त्यामुळे उसनवारी खुपत नाही. दरबार हॉलच्या रंगीत काचांवर तर शिवचरित्र आहे.

वास्तुकार मेजर चार्ल्स मँट १८८१ साली वारला, वाडा १८८४ मध्ये पुरा झाला. बडोद्याच्या लक्ष्मीविलासची आकडेमोड चुकली या धास्तीनं त्याला वेड लागलं, अशी दंतकथा आहे. रिलीजच्या आदल्या रात्री ती मला हटकून आठवते. लक्ष्मीविलास अजून उभा आहे.