ताम्हिणीचा घाट आणि आपली सौंदर्यदृष्टी

माणगाव म्हटले की चळवळीतल्या माणसाला १९२० ची परिषद आठवते. ते कागल जहागिरीतले माणगाव. मी लिहितो आहे ते रायगड जिल्ह्यातल्या, महाडच्या अलीकडच्या माणगावाविषयी. इथून निजामपूर, विळे करीत एक रस्ता ताम्हिणी घाट चढतो आणि मुळशीवरून पुण्याला जातो. पावसाळ्यात या रस्त्यावर शहरातल्या मोटारींची रीघ लागते आणि मागोमाग या घाटावरचे ललित लेखही येतात. धुके, धबधबे, हिरवे डोंगर आणि शेवटी निसर्गापुढे माणसाचे खुजेपण, हा त्यांचा ठरलेला साचा.

गेल्या श्रावणात एका प्राध्यापक मित्राच्या मोटारीतून मीही हा घाट उतरलो. मित्र म्हणाला, ‘काय निसर्ग आहे!’ मीही ‘सुंदर’ म्हणालो आणि ते खोटे नव्हते. पुढच्या वळणावर डोक्यावर रानभाजीची पाटी घेतलेली एक कातकरी बाई कठड्याला चिकटून उभी राहिली. आमच्या चाकांचे पाणी तिच्या लुगड्यावर उडाले. मित्राने काच वर घेतली आणि मी गप्प राहिलो. हा लेख त्या गप्प राहण्यातून आला आहे.

माझी आई याच डोंगरांच्या पायथ्याच्या रानातून मोळी आणी. रानाला तिने कधी सुंदर म्हटल्याचे मला आठवत नाही. पण ऐन कुठला, किंजळ कुठला, कुठले लाकूड चुलीत धूर करते हे ती लांबून ओळखी. तिचे हे पाहणे मराठी समीक्षेने सौंदर्यदृष्टीत कधी धरले नाही. डोक्यावर ओझे नसलेल्याला जे दिसते, तेवढ्यालाच आपण निसर्गवर्णन म्हणत आलो.

याच वाटेवरचा मुळशीचा जलाशय घ्या. लेखक तिथे थांबतो, पाण्यात उतरलेल्या ढगांचे वर्णन करतो आणि पुढे जातो. हे पाणी टाटांच्या धरणाचे आहे. त्याखाली जाणाऱ्या जमिनींसाठी १९२१ साली मावळच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापटांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले. ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती त्यांचे काय झाले, हे विचारायला तर कोणी थांबतच नाही. घाटाखाली भिरा येथे १९२७ पासून या पाण्यावर वीज तयार होऊ लागली. मुंबईच्या गिरण्यांना अशीच सह्याद्रीतली वीज मिळे. त्याच गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्याला प्रवेश नव्हता. धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे, आणि सवर्ण कामगाराला त्याचा विटाळ होई. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उभा केला. त्याआधी, २० मार्च १९२७ रोजी, इथून जवळच महाडला आपली माणसे चवदार तळ्याचे पाणी प्यायली आणि त्यासाठी त्यांनी मार खाल्ला. एवढा इतिहास ज्या वाटेवर आहे तिथे केवळ ढग पाहणाऱ्या लेखकाला निरागस कसे म्हणावे?

काही समीक्षक म्हणतील, ललित लेखावर समाजशास्त्र लादू नका. पण माणूस आला म्हणून सौंदर्य कमी होत नाही. गो. नी. दांडेकरांच्या ‘जैत रे जैत’मध्ये ठाकर मध्यभागी आहेत. तिथे डोंगर नुसता देखावा नाही. तिथे देव आहे, मध आहे, सूड आहे आणि मरणही आहे. म्हणूनच तो डोंगर लक्षात राहतो.

मात्र बोट फक्त प्रस्थापितांकडे दाखवून आपली सुटका नाही. ‘बलुतं’ने १९७८ साली महारवाडा साहित्यात आणला, ‘उपरा’ने १९८० साली भटक्यांची पाले आणली. कातकऱ्यांची वाडी आपल्याही पानांवर क्वचितच येते. शासनाच्या यादीत हा समाज विशेष दुर्बल आदिवासी गटात आहे. कातावरून त्याला नाव पडले. पुढे कोळशाच्या आणि वीटभट्ट्यांवर वाड्याच्या वाड्या राबत आल्या. वनात राहणाऱ्याचा जमिनीवर आणि गौण वनोपजावर हक्क आहे, असे २००६ चा कायदा सांगतो. २०१३ साली ताम्हिणीचे अभयारण्य झाले. पाटी घेऊन उभी असलेली ती बाई या दोन कागदांच्या मधे कुठे उभी आहे? आपण शिकलो, नोकरीला लागलो, मोटारीत बसलो. काचेच्या आतून आपणही आता तसेच पाहू लागलो आहोत काय?

माझ्या विद्यार्थ्यांनी या घाटावर जरूर लिहावे. धबधबाही लिहावा, तो आपलाही आहे. पण लिहिण्याआधी विळ्याच्या बाजूने थोडे पायी चालावे. पाटीवाल्या बाईला मावशी म्हणून विचारावे, ही भाजी कुठल्या रानात मिळते, आणि तिथे जाताना आता कोण अडवते. तिचे उत्तर निबंधात पहिल्या परिच्छेदात यावे. धुके दुसऱ्या परिच्छेदात आले तरी चालेल.