लग्नपत्रिकेचे नवे वाङ्मय

मराठीत असा एक लेखनप्रकार आहे की जो खेड्यापाड्यांतल्या घराघरांत पोचतो, घरातले थोर-लहान सगळे तो वाचतात, आणि तरीही त्यावर परीक्षणाचे चार शब्द लिहावेत असे कोणालाच वाटत नाही. तो म्हणजे लग्नपत्रिका. कवितासंग्रह चाळला जातो, पत्रिका मात्र वाचली जाते. कोणाचे नाव कोणाच्या वर आले, धाकट्या मामांना कोणत्या ओळीत बसवले, आत्याच्या यजमानांच्या नावामागे हुद्दा लागला की राहिला, याची जी बारीक छाननी आमच्याकडे होते तिच्या निम्मी जरी एखाद्या कादंबरीच्या वाट्याला आली तरी तिच्या लेखकाने धन्यता मानावी.

आता दिवाळी सरेल, अंगणात उसाच्या मांडवाखाली तुळशीचे लग्न लागेल, आणि सारंगखेड्यासारख्या तापीकाठच्या गावातही दारोदार पत्रिका येऊ लागतील. गेल्या काही हंगामांत या वाङ्मयात एक नवा प्रवाह शिरला आहे. त्याला 'पर्यावरणस्नेही' असे जड नाव आहे. अशा चार पत्रिका समोर मांडून मी हे लिहीत आहे. त्यांतली नावे सांगणार नाही. माझे भांडण असलेच तर मजकुराशी आहे, घरांशी नाही.

या प्रवाहामागची तळमळ खोटी नाही, हे आधी सांगून टाकतो. मधल्या काळात पत्रिका फारच माजली होती. मखमलीचे आवरण, सोनेरी वर्ख, आत तीन-चार पाने, वर चकाकणारा पापुद्रा. वर्ख आणि पापुद्रा चिकटलेला कागद धड रद्दीत जात नाही आणि त्याचा लगदाही नीट होत नाही. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या ज्या प्लॅस्टिकच्या वस्तूंवर देशभर बंदी आली, त्यांच्या यादीत फुग्यांच्या काड्या आणि सजावटीचा थर्माकोल यांच्या पंक्तीला मिठाईचे खोके व निमंत्रणपत्रिका यांवर गुंडाळायची फिल्मही आहे. सरकारी यादीत लग्नपत्रिकेचा उल्लेख असा व्हावा, हे काही भूषण नव्हे. तेव्हा कोणी साधा कागद घेतला, कोणी कापड घेतले, तर त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. परीक्षकाचा प्रश्न वेगळा आहे. पत्रिका बोलावते का?

पाणिनीने एका सूत्रात (३.३.१६१) विधी, निमंत्रण, आमंत्रण असे शब्द शेजारीशेजारी ठेवले आणि टीकाकारांनी त्यांतला भेद उलगडला. निमंत्रण म्हणजे जे नाकारता येत नाही ते. आमंत्रण म्हणजे येणे न येणे ज्यात पाहुण्याच्या इच्छेवर सोडले आहे ते. या आमंत्रणाचेच घासून आमच्या बोलीत आवतण झाले. व्याकरणाने दिलेली मोकळीक मात्र बोलीने काढून घेतली; आवतण आल्यावर न जाणाऱ्याला खानदेशात वर्षभर ऐकून घ्यावे लागते. दुसरा शब्द याहून बोलका आहे. 'मूळ' म्हणजे बोलावून न्यायला आलेले माणूस. आखाजीला बहिणीला माहेरी आणायला भाऊ जातो तो मुराळी. म्हणजे बोलावणे हे मुळात माणूसच होते; कागद त्याच्या जागी पुढे आला. तो त्या माणसाचे काम किती करतो, यावरच त्याची किंमत ठरवली पाहिजे.

याच गावात कागदाविना बोलावण्याचा एक मोठा नमुना आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला, एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा बाजार. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश अशा लांबलांबच्या मुलखांतून घोडे येतात. अलीकडे चेतक महोत्सव म्हणून त्याची जाहिरात होते हे खरे, परंतु पिढ्यान्‌पिढ्या या व्यापाऱ्यांना येथे आणले ते पंचांगातल्या एका तिथीने. वरातीत नाचवायचा घोडा हेरायला आलेला माणूस पत्रिकेची वाट पाहत नव्हता. पण यात्रेचे जमते ते लग्नाचे जमत नाही. यात्रा सगळ्यांना बोलावते. लग्नाला मात्र ज्याला त्याला नावाने बोलावावे लागते. हा भेद ध्यानात ठेवून आता पत्रिकांकडे वळू.

पहिली पत्रिका बीजपत्रिका आहे. कागद हातात घेताच प्रसन्न वाटते. किंचित खडबडीत, कडा न कापलेल्या, आणि पोटात बारीक बी दिसते आहे. सुती चिंध्यांचा लगदा पाण्यात कालवून चाळणीवर त्याचा थर धरतात, तो ओला असतानाच बी पसरतात आणि हवेवर सुकवतात. गिरणीच्या तापलेल्या रुळांखाली बी जगणार नाही, म्हणून हे काम हातानेच व्हावे लागते. छपाईही जपून करावी लागते, नाहीतर यंत्राच्या दाबाने बी चिरडते. बीही बारीकच हवे: तुळस, झेंडू, सब्जा, फार तर टोमॅटो किंवा मिरची. (नंदुरबारच्या मिरचीच्या मुलखात कोणी पत्रिकेतून मिरचीचे बी पाठवील तर त्याच्या धाडसाला दाद दिली पाहिजे!) हा कागद आपल्याकडे कोणी नवलाची वस्तू म्हणून दाखवला म्हणजे मला गंमत वाटते. याच खानदेशातली एरंडोल आणि यावल ही गावे एके काळी हातकागदासाठी नावाजलेली होती. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांत तशी नोंद आहे. पुण्यात १९४० साली हातकागदाची संस्था निघाली तीही चिंध्यांपासूनच कागद करू लागली. कापूस आमचा, चिंध्या आमच्या, कसब आमचे. फक्त कागद आता लांबच्या शहरातून मागवायचा.

आता मजकूर. पत्रिकेच्या एका अंगाला लग्नाचे बोलावणे आहे, दुसऱ्या अंगाला बी रुजवण्याच्या सूचना. बोलावणे जुनेच आहे: श्रीकृपेकरून, योजिले आहे, उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत, प्रत्यक्ष भेट न झाल्यास हेच अगत्याचे निमंत्रण समजावे. शंभर वेळा वापरून गुळगुळीत झालेली ही नाणी आहेत, आणि नाणी गुळगुळीत झाली म्हणून चालत नाहीत असे मी म्हणणार नाही. परंतु दुसरी बाजू वाचा. कागदाचे तुकडे करा, पाण्यात भिजवा, कुंडीत पसरा, वर मातीचा पातळ थर द्या, ओल टिकवा, ऊन दाखवा. केवढी जिवंत क्रियापदे! बी कसे जगवावे हे लिहिताना लिहिणाऱ्याला वाचक डोळ्यांपुढे दिसतो आहे. त्याची कुंडी दिसते आहे, त्याचा आळससुद्धा दिसतो आहे. लग्नाला या म्हणताना मात्र तोच वाचक त्याला दिसेनासा होतो. जी ऊब बियाला मिळाली ती पाहुण्याला मिळाली नाही. हा कागदाचा दोष नव्हे, लेखनाचा आहे. शिवाय ही पत्रिका वैशाखातल्या मुहूर्ताची. त्या दिवसांत खानदेशात पारा चाळिसाच्या वर जातो आणि गच्चीवरच्या कुंडीत मोठी तुळसदेखील मान टाकते. एखाद्या ओळीत 'पहिला पाऊस पडेपर्यंत जपून ठेवा' असे लिहिले असते तर सूचनाही खरी झाली असती आणि पत्रिका लग्नानंतर दोन महिने देवघरात राहिली असती.

दुसरी पत्रिका रुमालावर छापलेली आहे. दोन-तीन धुण्यांत अक्षरे जातील आणि रुमाल वापरता येईल, अशी तिच्या तळाशी टीप आहे. आपण पुसून जाणार हे स्वतःच सांगणारे लेखन मी प्रथमच पाहिले आणि मला ते आवडले. या पत्रिकेत आणखी एक गोष्ट आहे, तिच्यासाठी ही सारी रास उपसली असती तरी चालले असते. मुलीचे वडील हयात नाहीत. अशा घरी निमंत्रक म्हणून काकांचे नाव घालायचे आणि आईला खाली कोठेतरी 'गं. भा.' लावून बसवायचे, अशी आपली रीत. येथे पहिल्याच ओळीत बोलावणारी आई आहे, नुसत्या तिच्या नावाने, पुढेमागे काही न लावता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांवर लादलेल्या प्रथा बंद करण्याचा ठराव २०२२ साली केला तेव्हा त्याची चर्चा सर्वत्र झाली. या रुमालावर ठराव नाही, चर्चा नाही; एक नाव आपल्या जागी आले आहे, एवढेच. चारही पत्रिकांत इतकी सरळ ओळ दुसरी नाही.

आणि तरीही याच रुमालाने एक मोठी गोष्ट घालवली आहे. रुमालाला पाकीट नाही. पाकीट नाही म्हणून वर नाव नाही. साऱ्या पत्रिकेत घरच्या माणसाच्या हाताने लिहिलेली एकच ओळ असते, ती पाकिटावरची. आतला मजकूर छापखान्याच्या नमुना-वहीतला असतो, पाकीट मात्र त्या घराचे असते. पूर्वी ही पाकिटे लिहिण्याची एक बैठकच बसे. अक्षर बरे असलेला काका मांडी घालून, आजी भिंतीला टेकून नावे सांगणार, पोरे कोपऱ्यांना हळदकुंकू लावणार. कोणाला नुसते 'श्री.' आणि कोणाला 'सहकुटुंब सहपरिवार', यावर वाद व्हायचा. 'त्यांच्या वास्तूला आपण जेवलो होतो' एवढ्या पुराव्यावर एखादे नाव यादीत शिरायचे. मागच्या लग्नाची वही काढली जायची, तिच्यातली काही नावे गप्पपणे खोडली जायची आणि त्यांच्या जागी मुलाचे नाव लिहिले जायचे. तेथे आजी क्षणभर थांबायची. साऱ्या गोतावळ्याची अशी मोजदाद दुसऱ्या कोणत्या निमित्ताने होते? लग्न ठरल्यावर सोयऱ्यांची आठवण काढण्याचा तो विधीच होता, आणि त्याला भटजी लागत नव्हता. आता मुलगा रुमालांचा गठ्ठा गाडीवर घालतो आणि मोजून दारोदार वाटतो. कागद वाचला हे कबूल. पण घेणाऱ्याच्या हातात जे पडते ते त्याचे नसते, कोणाचेही असते.

तिसरीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. तपकिरी जाड कागदावर पांढरी वारली चित्रे काढली आहेत, आणि हल्ली असली चित्रे नसलेली 'निसर्गप्रेमी' पत्रिका मिळणे कठीण. वारल्यांच्या लग्नात सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते आणि त्या चौकाशिवाय लग्न लागत नाही. ते चित्र म्हणजे लग्नाचा एक भाग. येथे ते कडेची वेलबुट्टी झाले आहे. डहाणूकडचा चौक शहाद्याच्या पत्रिकेवर यायला हरकत नाही, परंतु ज्या सातपुड्याच्या पायथ्याशी हे लग्न होत आहे तेथल्या भिल्ल-पावरा माणसांच्या भिंती छापणाऱ्याला दिसल्याच नाहीत काय?

फोनवरून येणारी पत्रिका मी या चारांत धरलेली नाही. ती कागद खरोखरच वाचवते, यात शंका नाही. २०२० साली लग्नाला पन्नासच माणसांची परवानगी होती, तेव्हा तिने घरोघरची अब्रू राखली. पण त्या वर्षी तिच्यावर लिहिलेले असे की घरूनच आशीर्वाद द्यावेत. म्हणजे ती बोलावत नव्हती, कळवत होती. पुढे मर्यादा उठली, तरी तिचा स्वर कळवण्याचाच राहिला. एका बोटाने दोनशे जणांना गेलेल्या मजकुरात 'आग्रहाचे' हा शब्द वाचला म्हणजे आग्रह करणाऱ्याचे बोट दुखले असेल का, असा खट्याळ विचार मनात येतो. मधल्या वयाच्या माणसांना ती पुरते. थोरल्या मावशीला पुरत नाही. ती म्हणते, पत्रिका आली, माणूस कुठे आले? या एका वाक्यावरून खानदेशात सोयरिकी दुरावल्या आहेत.

चौथी पत्रिका म्हणजे पोस्टकार्ड. आपल्या देशात ते १८७९ साली सुरू झाले आणि त्याहून कमी कागदात बोलावणे बसवणे अवघड आहे. वर्ख नाही, पाकीट नाही, बी नाही, चित्र नाही. आपण पर्यावरणाचे मित्र आहोत असा दावाही नाही. निळ्या शाईने मुलीच्या वडिलांनी स्वतः लिहिले आहे. आरंभी माझे नाव, मग मुलीचे लग्न ठरल्याची हकीकत दोन वाक्यांत, मुलगा काय करतो ते अर्ध्या वाक्यात, तिथी, गाव, आणि नंतर असे की तिच्या बारशाला तुम्ही होता, तेव्हा आता यायलाच हवे. एका कोपऱ्याला हळदीचे बोट, ते टपालात थोडे पसरलेले. अशी दीडशे कार्डे त्यांनी लिहिली, रोज रात्री दहा-बारा, महिनाभर आधीपासून. प्रत्येकावर तेच वाक्य नसणार, कारण प्रत्येकजण बारशाला नव्हता. पाणिनीच्या हिशेबाने हे आमंत्रण नव्हे, निमंत्रण आहे.

तरी या कार्डातही परीक्षकाला दोष सापडलाच. मुहूर्ताची वेळ लिहायची राहिली होती. ती विचारायला मी फोन केला. वेळ सांगून झाली. मग त्यांच्या सौभाग्यवती फोनवर आल्या, मग आमच्या घरून फोन मागितला गेला, आणि आंब्याच्या लोणच्यापर्यंत बोलणे पोचले तेव्हा मी चहा ठेवायला आत गेलो.