खुनी गणपती : फुलांच्या पलीकडे काय?

पिंपळनेरवरून वाहणारी पांझरा पुढे धुळ्यात पोचते. तिथे जुन्या धुळ्यात अनंत चतुर्दशीला खुनी गणपतीची पालखी मशिदीसमोर येते आणि मुस्लिम बांधव फुले उधळून तिचे स्वागत करतात. या परंपरेवर छोटे माहितीपट, वाहिन्यांच्या चित्रफिती होत आल्या आहेत. त्यामागच्या हेतूबद्दल आम्हांला शंका नाही. तक्रार आहे ती मांडणीविषयी.

मांडणीचा साचा ठरून गेला आहे. १८९५ साली मिरवणुकीवरून दंगल झाली, इंग्रज सरकारच्या पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. म्हणून गणपती 'खुनी' आणि मशीदही 'खुनी'. एवढा इतिहास निवेदक दोन वाक्यांत उरकतो. लगेच पडद्यावर फुले, गुलाल, गळाभेट आणि शेवटी 'एकात्मतेचे प्रतीक' हे शब्द. रक्तापासून फुलांपर्यंतचा रस्ता मात्र दिसत नाही. पहिला हात कोणी पुढे केला? त्याला आपल्याच माणसांचे काय ऐकून घ्यावे लागले? माहितीपटाचा खरा विषय हा आहे.

याच शहरात २००८ साली दंगल झाली. ६ जानेवारी २०१३ रोजी पोलिसांच्या गोळीबारात सहा मुस्लिम तरुण गेले. हे सांगितले तर सणाला गालबोट लागेल, असे अनेकांना वाटते. आम्हांला उलट वाटते. एवढे सोसूनही माणसे पुढच्या भाद्रपदात फुले घेऊन उभी राहतात, हे कळले तरच त्या फुलांचे मोल कळेल.

दुसरी उणीव त्याहून मोठी आहे. पडद्यावर मुसलमानाचे हात दिसतात, त्याचे म्हणणे ऐकू येत नाही. तो उत्सवातला पाहुणा होऊन बसतो. आनंद पटवर्धन यांच्या 'राम के नाम' (१९९२) मध्ये अयोध्येतले पुजारी लालदास स्वतःच्या तोंडाने आपले म्हणणे मांडतात. १९९३ साली त्यांचा खून झाला, पण त्यांचा शब्द त्या चित्रपटाने जपला. आपल्याकडच्या कॅमेऱ्याने एवढे तरी करावे.

आता मोहल्ल्यातल्या मुलामुलींच्या हाती मोबाईल आहे. पालखी पुढे गेल्यावर त्यांनी तिथेच थांबावे. मशिदीतल्या बुजुर्गांना, समोरच्या दुकानदाराला, घरातल्या बायकांना विचारावे : उरलेले तीनशे चौसष्ट दिवस कसे जातात? त्या उत्तरांचा माहितीपट आम्हांला पाहायचा आहे.