बंद लिफाफ्याचे वाङ्मय

दलित साहित्याला एक प्रश्न गेली पन्नास वर्षे विचारला जात आहे: हे खरे कशावरून? आत्मकथन प्रसिद्ध झाले की प्रस्थापित समीक्षक आधी अनुभवाचा दाखला मागतो आणि मग शैलीकडे वळतो. भूक खरोखरच एवढी होती काय? शिव्या एवढ्या होत्या काय? आमच्या लेखकांनी या प्रश्नाला उत्तरे दिली, कधी संतापून दिली, कधी आणखी एक पुस्तक लिहून दिली. पण हाच प्रश्न ज्या गद्याला पहिल्याने विचारायला हवा ते गद्य समीक्षेच्या कक्षेबाहेर मोकळे राहिले. ते म्हणजे शासनाचे गुप्त गद्य. त्याचा लेखक निनावी आणि वाचक मोजके, परिणाम मात्र तुरुंगाच्या भिंतीइतका ठोस असतो. वाङ्मयाला वाहिलेल्या पानांत त्याची चर्चा कशाला, असे काहींना वाटेल. ज्या समाजाविषयी पोलिसांच्या दप्तरात इतके लिहून ठेवलेले आहे, त्या समाजाच्या समीक्षेला हा विषय टाळता येणार नाही.

महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने १९८२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि अस्पृश्यांची चळवळ यांविषयीच्या साधनांचा एक इंग्रजी खंड प्रसिद्ध केला. त्यातील कितीतरी मजकूर मुंबई इलाख्याच्या गुप्त पोलिसांच्या गोषवाऱ्यांतून घेतलेला आहे. सभेच्या कडेला बसलेला कोणी एक माणूस वक्त्यांची नावे आणि भाषणांचे सार टिपून वर पाठवीत होता. त्या टिपणांवर आज आमचे विद्यार्थी प्रबंध लिहितात. आपल्याच चळवळीचा इतिहास आपल्यावर पाळत ठेवणाऱ्याच्या नोंदीतून वाचावा लागतो, यात विटंबना आहे. पण हे कागद एकदा उघड झाले म्हणूनच ते तपासता येतात हेही तितकेच खरे. वर्तमानपत्रातील वृत्त, वक्त्याचे स्वतःचे लेखन आणि हेराची नोंद शेजारी शेजारी ठेवली की हेर कोठे चुकला, कोठे त्याने साहेबाला आवडेल असे लिहिले, हे दिसू लागते. कागद बंद असेपर्यंत यातले काहीच करता येत नाही. त्याला नुसते मानावे लागते किंवा नुसते नाकारावे लागते.

खराडी हे नगर रस्त्यावरचे गाव. १९९७ मध्ये ते पुणे महापालिकेत आले आणि पुढे तेथे संगणक कंपन्यांचे काचेचे मनोरे उभे राहिले. दरवर्षी १ जानेवारीला याच रस्त्याने माणसांचे लोंढे कोरेगाव भीमाच्या स्तंभाकडे जातात आणि नगरकडची इतर वाहने खराडीच्या बाह्यवळणावर दुसरीकडे वळवली जातात. १ जानेवारी २०१८ रोजी, लढाईला दोनशे वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, याच रस्त्याने गेलेल्या माणसांवर दगड पडले, वाहने जळली. सणसवाडीत एका तरुणाचा मृत्यू झाला. त्याआधी दोनतीन दिवस वढू बुद्रुक येथे गोविंद गोपाळ यांच्या समाधीजवळील फलकावरून तणाव झाला होता व पोलिसांत गुन्हाही नोंदला गेला होता. म्हणजे धूर दिसत होता. तेव्हापासून १ तारखेपर्यंत गुप्तवार्ता विभागाने वरिष्ठांना काय कळवले, त्यावर वरिष्ठांनी काय केले? पत्रकार परिषद घेऊन आरोपींची म्हणून पत्रे वाचून दाखवणाऱ्या शासनाने हे कागद कोणत्याही पत्रकार परिषदेत वाचून दाखवले नाहीत.

ही पत्रे वाचली गेली ती ३१ ऑगस्ट २०१८ रोजी. तत्पूर्वी ६ जून रोजी ‘विद्रोही’चे संपादक सुधीर ढवळे यांच्यासह पाच जणांना आणि २८ ऑगस्टला आणखी पाच जणांना अटक झालेली होती. प्रकरण न्यायालयापुढे होते. अशा वेळी पोलीस वार्ताहरांना पुरावा वाचून कसे दाखवतात, असे मुंबई उच्च न्यायालयानेही तीनच दिवसांनी विचारले. येथे गुप्ततेचे खरे स्वरूप उघडे पडते. गुप्तता म्हणजे मौन नव्हे. कोणता उतारा छापायचा, कोणता फडताळात ठेवायचा, कोणत्या दिवशी छापायचा, हे ठरवणारे ते संपादन आहे. आणि या संपादकाला वाचकाचे एकही पत्र घेता येत नाही, असे त्याने स्वतःच ठरवून टाकलेले आहे!

सर्वोच्च न्यायालयाने २८ सप्टेंबर २०१८ रोजी दोन विरुद्ध एक अशा बहुमताने स्वतंत्र तपासाची मागणी फेटाळली. शासनाने दिलेली कागदपत्रे व तपासाची रोजनिशी आपण पाहिली, पण त्यांतील तथ्यांवर भाष्य करीत नाही, असे बहुमताच्या निकालात आहे. न्या. धनंजय चंद्रचूड यांचे अल्पमत मात्र मराठीच्या प्रत्येक शिक्षकाने वाचावे. सुधा भारद्वाज यांच्या नावावर सांगितल्या गेलेल्या एका हिंदी पत्रात मराठी वळणाने लिहिलेले शब्द सतरा ठिकाणी आढळतात, आणि मराठी न बोलणारी बाई असे लिहिणे शक्य नाही, असे न्यायालयापुढे मांडण्यात आले होते. त्याची नोंद या अल्पमतात आहे. वेलांटी कोठली, प्रत्यय कोठला, हे वाक्य कोणाच्या जिभेचे, हे तर आमच्या समीक्षेचे नेहमीचे काम. ग्रांथिक मराठी आणि वस्तीची मराठी यांतला फरक दाखवताना आम्ही जे हत्यार वापरले तेच येथे एका माणसाच्या स्वातंत्र्यासाठी लागत होते. पत्र खरे की खोटे याचा निवाडा खटल्यातच व्हायचा. पण पत्र समोर ठेवल्याशिवाय असा मुद्दा काढताच आला नसता, हे ध्यानात घेतले पाहिजे.

फ्रान्समध्ये १८९४ साली ड्रायफस या ज्यू अधिकाऱ्याला शिक्षा झाली तेव्हा लष्करी न्यायाधीशांच्या हाती एक गुप्त फाईल देण्यात आली होती. आरोपीला वा त्याच्या वकिलाला ती दिसलीच नाही. झोलाने १८९८ मध्ये लेखणी उचलली. ड्रायफस निर्दोष ठरला तो १९०६ मध्ये. आपल्याकडचा हिशेब फारसा वेगळा नाही. स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी ८४ व्या वर्षी कोठडीतच वारले. रोना विल्सन आणि ढवळे यांना जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने जामीन दिला तेव्हा साडेसहा वर्षे उलटली होती व आरोपही निश्चित झालेले नव्हते. विल्सन यांच्या संगणकात कागद बाहेरून घुसवले गेले, असा निष्कर्ष अमेरिकेतील आर्सेनल या तपासणी संस्थेने फेब्रुवारी २०२१ मध्ये काढला. राष्ट्रीय तपास यंत्रणेला तो मान्य नाही. संगणकाच्या पोटातील लेखनाचा कर्ता कोण, हा प्रश्न खराडीच्या मनोऱ्यांत काम करणाऱ्या आपल्या मुलांना आमच्यापेक्षा अधिक कळतो. त्यांनी यावर मराठीत लिहिले पाहिजे. इंग्रजीत लिहून वस्तीला काय उपयोग?

हे एकाच पक्षाच्या सरकारचे पाप आहे असे मानण्याचे कारण नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीचा अहवाल एप्रिल २००९ मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारला मिळाला. जूनमध्ये विधिमंडळासमोर कार्यवाहीचे निवेदन ठेवले, अहवाल ठेवला नाही. वर्तमानपत्रांत तो फुटला तेव्हा डिसेंबरमध्ये ठेवावा लागला. मधल्या काळात इशारे कोणाला आले होते, कोणी दडपले, याच्या इतक्या कहाण्या जन्मल्या की त्यांतल्या काही अजून जिवंत आहेत. याउलट घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी गोळीबारात दहा माणसे मेली तेव्हा जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, अशी पोलिसांची कथा होती. न्या. गुंडेवार आयोगाने ती कथा मानली नाही व गोळीबार असमर्थनीय ठरवला. ही कथा मोडली ती उघड साक्षी झाल्या, उलटतपासण्या झाल्या म्हणून. शाहीर विलास घोगरे यांनी मात्र तोवर वाट पाहिली नाही. गोळीबारानंतर चारच दिवसांनी त्यांनी स्वतःला संपवले.

गुप्ततेचा सर्वांत वाईट परिणाम शासनावर होत नाही, आपल्यावर होतो. कागद दिसत नाही म्हणून आपण माणसांकडे संशयाने पाहू लागतो. अमुक सरकारचा माणूस, तमुक नक्षल्यांचा माणूस. दलित पँथर १९७४ मध्ये फुटली तेव्हा कोण कम्युनिस्ट आणि कोण नाही, या संशयाने मैत्रीचे काय केले ते चळवळीने पाहिले आहे. २०१८ नंतर पुन्हा तेच झाले. ज्यांनी आयुष्यभर व्यासपीठ वाटून घेतले ते एकमेकांच्या सभेला जाईनासे झाले. पोलिसांनी काहीही न करता निम्मे काम होते, कारण ते आपण करतो.

मग मागणी काय करायची? सर्व गुप्त कागद चव्हाट्यावर आणा, ही मागणी भाबडी आहे. खबऱ्याचा जीव जाऊ शकतो, आणि तो खबऱ्याही बहुधा आपल्याच वस्तीतला गरीब असतो. माहिती अधिकार कायद्याच्या चोविसाव्या कलमाने गुप्तवार्ता संस्थांना वगळले आहे आणि २०११ मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणाही त्या यादीत गेली. तरी मानवी हक्कांच्या उल्लंघनाची माहिती या सवलतीत बसत नाही, असे तेच कलम सांगते. तो दरवाजा आपण फारसा ठोठावलेला नाही. दुसरा दरवाजा १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याचा. कोरेगाव भीमासाठी न्या. जे. एन. पटेल आणि सुमित मलिक यांचा आयोग फेब्रुवारी २०१८ मध्ये चार महिन्यांच्या मुदतीने नेमला गेला, आणि पुढे मुदतवाढींवर मुदतवाढी मिळत गेल्या. आयोगाचा अहवाल शासनाच्या हाती पडल्यापासून सहा महिन्यांत, कार्यवाहीच्या निवेदनासह, विधिमंडळासमोर ठेवला पाहिजे, असे या कायद्यात आहे. आमच्या अभ्यासवर्गात हे कलम वाचले तेव्हा एका विद्यार्थिनीने ते वहीत उतरवून घेतले आणि विचारले, सहा महिन्यांत नाही ठेवला तर शिक्षा कोणाला? कायदा पुन्हा चाळला. तशी शिक्षा त्यात कोणालाही नाही.