जुने छायाचित्र नव्याने उभे करताना : पुष्पमाला एन. यांच्या ‘नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया’ या मालिकेविषयी

जुन्या काळाचा आभास देणारी व्यक्तिचित्रे मुद्दाम मांडून काढण्याची प्रथा गेल्या काही वर्षांत सार्वत्रिक झाली आहे. विवाहपूर्व छायाचित्रणात आणि महाविद्यालयांतील पारंपरिक वेशभूषा दिनाच्या निमित्ताने नऊवारी, नथ, ग्रामोफोनचा कर्णा, लाकडी आरामखुर्ची आणि वर तपकिरी छटा असा ठरावीक संच आपण नेहमीच पाहतो. हा संच निरुपद्रवी हौस म्हणून सोडून देता येईल. तथापि, जुने छायाचित्र पुन्हा उभे करताना केवळ वेशभूषा पुन्हा येते, की त्या छायाचित्रातील सत्तासंबंधही परत येतात, हा प्रश्न उरतोच. प्रस्तुत लेखात पुष्पमाला एन. यांच्या ‘नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया : मॅनर्स अँड कस्टम्स’ (२०००–२००४) या छायाचित्रमालिकेच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

पुष्पमाला (जन्म १९५६) या बंगळूरच्या कलावंत असून त्यांचे शिक्षण बडोद्यात शिल्पकलेचे झाले. मुंबईत चित्रित केलेल्या ‘फँटम लेडी ऑर किस्मत’ (१९९६–९८) या मालिकेपासून त्यांनी स्वतःलाच छायाचित्राचा विषय बनविले. ‘नेटिव्ह विमेन’ ही मालिका त्यांनी छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासमवेत केली. दक्षिण भारतीय स्त्रीच्या सर्वपरिचित प्रतिमा निवडून, पडदे रंगवून घेऊन, वेशभूषा व प्रकाशयोजना करून त्या पुन्हा उभ्या करणे ही तिची रीत होय. राजा रविवर्मा यांचे ‘लेडी इन द मूनलाइट’ (१८८९), लक्ष्मीचे छापील चित्र, विजापूर शैलीतील योगिनी, वेलांकनी माता, चित्रपटांतील स्थिरचित्रे, वसाहतकालीन मानवमितीच्या पद्धतीने टिपलेली तोडा स्त्री आणि वृत्तपत्रात छापून आलेले अटक झालेल्या दोन स्त्रियांचे छायाचित्र अशी ही निवड आहे. देवी आणि आरोपी एकाच रांगेत उभ्या राहतात, ही गोष्ट मला या मालिकेत सर्वांत महत्त्वाची वाटते.

मालिकेचे शीर्षकच वसाहतकालीन ग्रंथांची आठवण करून देते. वॉटसन व के यांनी संपादित केलेले ‘द पीपल ऑफ इंडिया’ (१८६८–७५) हे आठ खंड आणि एडगर थर्स्टन यांचे दक्षिणेतील जाती-जमातींविषयीचे सात खंड (१९०९) यांनी माणसांचे ‘नमुने’ केले. १८६९ मध्ये लॅम्प्रे यांनी देहाची मापे छायाचित्रावरून घेता यावीत म्हणून चौकटीत दोन-दोन इंचांवर रेशमी दोरे ताणण्याची पद्धत मांडली, आणि पुढे अंदमानात पोर्टमन यांनी तेथील रहिवाशांना चौकड्यांच्या पडद्यासमोर उभे केले. म्हणजे ज्याला आपण ‘अस्सल जुने छायाचित्र’ म्हणतो तेही मांडलेलेच होते. पडदा कोणता असावा, अंगावर काय असावे, नजर कोठे असावी, हे समोर उभ्या असलेल्या व्यक्तीने ठरविलेले नव्हते. जुन्या व्यक्तिचित्रांतील गंभीर चेहऱ्यांना आपण त्या काळाचा स्वभाव समजतो. त्यात दीर्घ उद्भासनकाळाचा आणि मान स्थिर ठेवण्यासाठी मागे लावलेल्या लोखंडी आधाराचा वाटाही मोठा होता.

पुष्पमाला ही चौकड्यांची पार्श्वभूमी जशीच्या तशी पुन्हा आणतात. मात्र त्या पडद्यासमोर उभी राहणारी स्त्री आता छायाचित्राची कर्तीही आहे. मोजली जाणारी आणि मोजण्याचा प्रसंग रचणारी एकच असल्यामुळे पाहणाऱ्याची जागा अवघडते. आपण नेमके काय न्याहाळतो आहोत, असा प्रश्न त्याला पडतो. रविवर्म्यांच्या चित्रांच्या पुनर्रचनेतही रंगवलेला पडदा रंगवलेलाच राहतो, चांदणे दिव्यांचे आहे हे लपत नाही. मालिकेचा एक भाग तर या छायाचित्रांच्या तयारीचीच छायाचित्रे दाखवितो.

येथे एक आक्षेप नोंदविणे आवश्यक आहे, आणि तो किरकोळ नाही. शहरी, सुशिक्षित कलावंत तोडा स्त्रीचा वेश घेऊ शकते व काम संपल्यावर उतरवूही शकते. मूळ छायाचित्रातील स्त्रीला ही सोय नव्हती. वृत्तपत्रातील त्या दोन स्त्रियांच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिक टोचतो, कारण त्यांची प्रतिमा फार जुनी नव्हती आणि ती कलादालनात आणण्यापूर्वी त्यांच्या संमतीचा विचार करणे आवश्यक होते. लक्ष्मीच्या चित्रात जी थट्टा खुलते, ती आरोपीच्या चित्रात तशीच वापरता येत नाही. एकाच देहाने सर्व भूमिका करण्याच्या युक्तीमुळे ‘सर्वच प्रतिमा रचलेल्या असतात’ हे सिद्ध होते. परंतु सर्व प्रतिमा सारख्याच जाचक नसतात, हा भेद पुसट होतो. माझ्या मते मालिकेची ही मर्यादा आहे. ती मान्य करूनही मालिकेचे मोल कमी होत नाही, कारण हा आक्षेप घेण्याची साधने तीच आपल्या हाती देते.

तुलनेसाठी एक उदाहरण पाहता येईल. २०२० च्या दिनदर्शिकेसाठी छायाचित्रकार जी. वेंकट राम यांनी दक्षिणेतील अभिनेत्रींना घेऊन रविवर्म्यांची चित्रे छायाचित्रांत उभी केली. हेतू धर्मादाय होता आणि कारागिरी निर्विवाद सफाईची होती. परंतु तेथे पुनर्रचनेचे यश म्हणजे हुबेहूबपणा. मूळ चित्रातील स्त्री कोण, हा प्रश्न प्रसिद्ध अभिनेत्रीच्या चेहऱ्याआड जातो.

महाराष्ट्र-गोव्याशी या प्रश्नाचा थेट संबंध आहे. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तेथून निघालेल्या देवता घरोघरच्या भिंतींवर पोहोचल्या. या देवतांसाठी व नायिकांसाठी कोण बसले, याबद्दल गोव्याच्या कलावंत परंपरेतील राजीबाई मुळगावकर व अंजनीबाई मालपेकर यांची नावे सांगितली जातात. अंजनीबाईंना (१८८३–१९७४) इतिहासाने गायिका म्हणून स्थान दिले. १९५८ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीची फेलोशिपही मिळाली. चित्रासाठी बसणे हेही श्रमच होते. पण त्या श्रमांची वेगळी नोंद क्वचितच कोणी ठेवली. चित्राखाली सही चित्रकाराची आणि शिक्का छापखान्याचा. पुष्पमाला यांच्या मालिकेत मॉडेलचे आणि छायाचित्रकाराचे अशी दोन्ही नावे शेजारीशेजारी येतात. पारंपरिक दिनाच्या आपल्या छायाचित्रांखाली मात्र बहुधा वर्षाचा आणि विभागाचाच उल्लेख असतो.