तीस गुणांचा पेपर तपासताना

पेपर काढणे आणि तपासणे हा शिक्षकांचा नेहमीचा व्यवहार. सगळा वर्ग एकाच प्रश्नावर अडला तर चांगला शिक्षक मुलांना रागावण्याआधी तो प्रश्न पुन्हा वाचतो. आज आम्ही आपल्यापुढे जो पेपर ठेवणार आहोत, तो जगभर पन्नास वर्षे वापरात आहे. तो सोडवणारे बहुतेक साठीच्या पुढचे असतात. त्यात नापास होणाऱ्याला फेरपरीक्षा सहसा मिळत नाही आणि घरात त्याच्या शब्दाची किंमत मात्र जाते.

या पेपराचे नाव ‘मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन’. फोलस्टीन पतिपत्नी आणि मॅकह्यू यांनी तो १९७५ मध्ये अमेरिकेत तयार केला. एकूण गुण ३०. आज तारीख कोणती, आपण कोणत्या जिल्ह्यात आहोत, तीन वस्तूंची नावे लक्षात ठेवा, १०० मधून ७ वजा करत जा, लिहिलेली सूचना वाचून तसे करा, एक वाक्य लिहा, एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन पाहून काढा, असे त्यातले प्रश्न. साधारण २४ पेक्षा कमी गुण पडले तर स्मृतिभ्रंशाचा संशय घ्यायचा. दहा मिनिटे पुरतात, यंत्र लागत नाही, म्हणून तो सगळीकडे पोचला. मुळात ही चाळणी आहे, निदान नव्हे. पण गर्दीच्या दवाखान्यात चाळणीचाच निकाल होऊन बसतो.

आमच्या एक आत्याबाई उदगीर तालुक्यात राहतात. वय ऐंशीच्या पुढे. शाळेचे तोंड त्यांनी पाहिलेले नाही. एका दवाखान्यात त्यांना या पेपरात १६ गुण पडले आणि ‘डिमेन्शिया’ असा शब्द कागदावर उमटला. त्यानंतर घरच्यांनी दुधाचा हिशेब त्यांच्याकडून काढून घेतला. आम्ही तो पेपर मागून घेतला आणि एकेक प्रश्न तपासला.

तारखेच्या प्रश्नाला त्यांनी ‘एकादशी’ म्हटले होते. पंचांग पाहिले, त्या दिवशी एकादशीच होती. जिल्हा विचारला तेव्हा त्या ‘उस्मानाबाद’ म्हणाल्या. हे उत्तर चूक खरेच, पण चुकीचा इतिहास पाहा. त्या जन्मल्या तेव्हा उदगीर हैदराबाद संस्थानात, बीदर जिल्ह्यात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते मुंबई राज्यात आणि उस्मानाबाद जिल्ह्यात आले. १९६० मध्ये राज्य महाराष्ट्र झाले. १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा निघाला, आणि २०२३ मध्ये उस्मानाबादचेही धाराशिव झाले. आत्याबाई त्याच तालुक्यात राहिल्या, जिल्हे बदलत गेले. हा प्रश्न स्थळाचे भान तपासण्यासाठी आहे. घरापासून विहिरीपर्यंतची वाट अंधारातही न चुकणाऱ्या बाईचे भान त्याने मोजले गेले का?

वजाबाकीच्या ५ गुणांपैकी त्यांना शून्य मिळाले होते. आम्ही तोच प्रश्न निराळा विचारला. ‘आत्याबाई, शंभराची नोट दिली, सात रुपयांचं मीठ घेतलं, परत किती?’ ‘त्र्याण्णव.’ ‘त्यातून आणखी सात गेले?’ ‘शहाऐंशी.’ पुढच्या सातला त्या वैतागल्या : ‘आरं बाळा, सातसाताचंच किती घेशील?’

आता शिक्षक म्हणून बेरीज करून पाहा. वजाबाकीचे ५, वाचनाचा १, लेखनाचा १ आणि पंचकोनांचा १, असे ८ गुण थेट शाळेशी बांधलेले आहेत. शाळेत न गेलेल्या आणि कोरड्या आकड्यांची सवय नसलेल्या माणसाने बाकी सगळे अचूक सांगितले तरी त्याला २२ गुणच मिळतील, आणि उत्तीर्ण व्हायला २४ हवेत. हा अपवादात्मक माणूस नव्हे. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात पाच बायकांमागे एकही साक्षर भरत नव्हती. आजच्या मराठवाड्यातल्या आज्या त्या काळातल्या मुली आहेत.

ही अडचण आपल्याकडच्या संशोधकांच्या लक्षात आली नव्हती असे नाही. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत काम करताना मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये या पेपराचे हिंदी रूप प्रसिद्ध केले. ते नुसते भाषांतर नव्हते. त्यात २० मधून ३ वजा करायचे. सूचना वाचण्याऐवजी समोरचा डोळे मिटतो तसे आपण मिटायचे. पंचकोनांऐवजी सोपी आकृती. आपले गाव कोणत्या टपाल कचेरीखाली येते हाही त्यात एक प्रश्न. प्रश्न बदलला, पण ज्या क्षमतेसाठी तो विचारला ती बदलली नाही. पेपर काढण्याचा हा उत्तम नमुना आहे.

मात्र सगळा दोष पेपरावर टाकून मोकळे होणेही बरोबर नाही. कमी शिक्षणामुळे गुण कमी पडतात हे खरे, आणि कमी शिक्षणामुळे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो हेही खरे. ‘लॅन्सेट’ आयोगाच्या २०२४ च्या अहवालात टाळता किंवा कमी करता येण्याजोगी १४ कारणे दिली आहेत. त्यांत कमी शिक्षण आहे आणि कमी ऐकू येणेही आहे. आत्याबाईंना ऐकू कमी येत होते. तीन वस्तूंपैकी दोन त्यांना ऐकूच आल्या नव्हत्या, मग आठवणार काय?

शिवाय चाळणीची भोके दुसऱ्या बाजूनेही चुकतात. १०/६६ या आंतरराष्ट्रीय संशोधक गटाने २००८ मध्ये ६५ वर्षांवरील लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. रूढ अमेरिकी निकष लावला तर भारतातल्या ग्रामीण भागात स्मृतिभ्रंश अवघा ०.३ टक्के निघाला. गटाने स्वतः बसवलेला निकष लावला तर पाहणीतल्या कोणत्याही देशात तो ५.६ टक्क्यांच्या खाली गेला नाही. रूढ निकषात रोजच्या व्यवहारात अडथळा दिसावा लागतो. ज्या घरात म्हाताऱ्या माणसाकडून कसलीच अपेक्षा नसते, तिथे अडथळा दिसणार कसा? ‘साठी बुद्धी नाठी’ म्हटले की विषय संपतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अंदाजाप्रमाणे साठीपुढच्या ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे. ही माणसे आपल्या शेजारीच आहेत.

आता दुसरे उदाहरण. नांदेडचे आमचे एक परिचित, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना याच पेपरात २८ गुण मिळाले. सगळे निर्धास्त झाले. घरी मात्र गुरुजी घास तोंडात धरून बसून राहत. टीव्ही चालू असला, नातवंडे बोलत असली की चावणेच थांबे. पाणी पिताना ठसका लागे. दोन हिवाळ्यांत दोनदा न्यूमोनिया झाला, तेव्हा मेंदूचा स्कॅन निघाला. बारीक रक्तवाहिन्या ठिकठिकाणी बंद पडल्या होत्या. अशा आजारात स्मरण बराच काळ टिकते आणि अवधान आधी ढासळते. पेपरात स्मरणाला आणि भाषेला भरपूर गुण आहेत. अवधानाला फक्त ती वजाबाकी, आणि वजाबाकी तर गुरुजींनी जन्मभर शिकवलेली.

गिळण्याचा अवधानाशी काय संबंध, असे आपण विचाराल. घास चावणे, त्याचा गोळा करून जिभेने मागे ढकलणे हा भाग आपल्या ताब्यातला असतो. गोळा घशात पोचला की पुढचे आपोआप होते : श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर उचलले जाते, श्वासनलिकेच्या तोंडावर झाकण पडते. दोन डझनांहून अधिक स्नायूंनी ही वेळ साधायची असते. पहिल्या भागात लक्ष सुटले की पुढची वेळ चुकते. पाणी वेगाने घशात उतरते, म्हणून ते घट्ट पदार्थापेक्षा अवघड. ठसका हा राखणदार आहे. काही म्हाताऱ्या माणसांत तोही झोपतो, आणि अन्नपाण्याचे कण मुकाट्याने फुप्फुसात जातात.

यावरचे उपायही तपासूनच घेतले पाहिजेत. स्मृतिभ्रंश किंवा पार्किन्सन असलेल्या ५१५ रुग्णांवरचा एक अमेरिकी प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना घट्ट केलेली पेये दिली, काहींना हनुवटी छातीकडे झुकवून साधी पेये प्यायला लावली. तीन महिन्यांत न्यूमोनियात ठळक फरक दिसला नाही. उलट, घट्ट पेये घेणाऱ्यांत शरीरातले पाणी कमी पडण्याचे प्रमाण अधिक दिसले. जपानमधल्या वृद्धाश्रमांतला १९९९ चा प्रयोग त्याहून साधा होता : जेवणानंतर दात आणि तोंड नीट स्वच्छ करणे. दोन वर्षांत न्यूमोनिया झालेल्यांचे प्रमाण अशी स्वच्छता न मिळालेल्यांत १९ टक्के, तर मिळालेल्यांत ११ टक्के होते. आजार फार पुढे गेल्यावर नाकातून किंवा पोटातून नळी घातल्याने आयुष्य वाढते, असा भरवशाचा पुरावा नाही. शांतपणे हाताने भरवणेच बरे, असे वृद्धवैद्यकातले जाणकार सांगतात.

म्हणजे घरी काय करायचे? जेवताना टीव्ही बंद. माणूस ताठ बसलेला. एक घास उतरल्यावरच दुसरा. कोरड्या भाकरीचे कण घशात विखुरतात, म्हणून ती वरणात पूर्ण मऊ होईपर्यंत कुस्करायची. पातळ ताकात तरंगणाऱ्या कण्या टाळाव्यात, कारण पातळ आणि दाणेदार एकत्र गिळणे सर्वांत कठीण. त्या घट्ट शिजवाव्यात. ठसका वारंवार लागत असेल, तर डॉक्टरांना तो न विचारताही सांगावा, कारण या तीस गुणांत गिळण्याचा प्रश्नच नाही.

आमच्या मते या पेपराची सर्वांत मोठी उणीव हीच. माणूस काल कसा होता हे तो विचारत नाही. पूर्वी जमणारे काय गेल्या वर्षा-दोन वर्षांत जमेनासे झाले? नेहमीची वाट चुकते का? जेवलेले विसरून पुन्हा ताट मागतात का? जेवताना ठसका लागतो का? ऐकू येते का? ही उत्तरे घरातल्या माणसांकडे असतात, आणि खेड्यात घरोघरी जाणे-येणे असलेला माणूस अजूनही शिक्षकच आहे. मूल वारंवार ‘आजीला वेड लागलंय’ म्हणत असेल, तर हे पाच प्रश्न तिच्या घरी जाऊन विचारावेत. उत्तरे टिपून डॉक्टरांच्या हाती दिली, तर निम्मा पेपर तिथेच दुरुस्त होईल.

आत्याबाईंना आता कानाचे यंत्र मिळाले आहे. दुधाचा हिशेब पुन्हा त्यांच्याकडे आला. जिल्हा मात्र त्या अजूनही उस्मानाबादच सांगतात.